लेकीचा नवस

माणसाकडे बघत बसणं हे माझं काम आहे. घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्ये असलेल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, मनोरुग्णांच्या वॉर्डात मी नर्स आहे. ज्याला जगणं नकोसं झालंय अशा रुग्णापासून हाताच्या अंतरावर खुर्ची टाकायची आणि त्याच्यावरून नजर हलवायची नाही. आम्ही त्याला वन-टू-वन म्हणतो. रुग्ण जेवला तरी बघायचं, झोपला तरी श्वास बघायचा, न्हाणीघरात गेला तरी दार लोटलेलं आणि पाऊल दारात. बाहेरच्यांना हे पहारा देण्यासारखं वाटतं. वाईट वाटतं मला त्याचं. पहारेकरी माणूस पळू नये म्हणून बघतो, आम्ही माणूस उरावा म्हणून बघतो.

पण ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे, त्या दिवसांत माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. आमच्या वॉर्डातला एक तरुण चार दिवसांच्या सुटीवर घरी गेला आणि परत आला नाही. जाताना हसला होता, माझ्याकडून फोन चार्जर मागून घेतला होता. चौकशी झाली. सगळे कागद व्यवस्थित होते, प्रत्येक रकान्यात सही होती, 'धोका कमी' असं तिघांनी लिहिलं होतं. चौकशी संपली आणि वरिष्ठांनी चहा मागवला. मी तो प्यायले नाही. कागद पूर्ण आणि माणूस गेला, ही कसली पद्धत, असं मी भर बैठकीत विचारलं. एका पाळीला दोन नर्स आणि भरलेला वॉर्ड, मग कोण कुणाकडे बघणार, असंही विचारलं. इनचार्ज सिस्टर बैठकीनंतर म्हणाल्या, "क्रांतिकारक बाई, बोललात छान. आता चार नंबरच्या बेडला सलाईन लावा."

त्यांचंही चूक नव्हतं. मी वाढलेच तशी. माझे वडील कांजूरमार्गच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या खोलीत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी शाळेचं वाचायला शिकले त्याआधी पत्रक दोनदा दुमडायला शिकले. आईचे देव स्वयंपाकाच्या ओट्यावर सिलिंडरच्या मागे. बाबांनी त्यांना कधी हलवलं नाही, कधी हातही जोडले नाहीत. मे महिन्यात गावी गेलो की देवळात गाऱ्हाणं घातलं जाई. एकजण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. सगळं गाव म्हणे. मी बाबांच्या शेजारी तोंड मिटून उभी राही. मागायचं तर मालकाकडे, सरकारकडे मागावं. दगडाला कशाला, असं मला तेव्हा ठाम वाटे. तो तरुण गेल्यानंतर मात्र कुणाकडेच मागावंसं वाटेना. देव नव्हताच, आणि ज्या माणसांच्या जोरावर देवाशिवाय चालेल असं मी मानत आले होते, ती माणसं चहा पीत होती. त्यांच्यात मीही आले.

अशा मन:स्थितीत काकू माझ्या वाट्याला आल्या. घाटकोपर पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या, साठीच्या आसपासच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मूळच्या मालवणकडच्या. त्यांची एकुलती एक मुलगी नेहा आदल्या वर्षी डेंग्यूने गेली. त्यानंतर काकूंनी हळूहळू एकेक गोष्ट सोडली: आधी बाहेर जाणं, मग स्वयंपाक, मग बोलणं, शेवटी जेवण. एके दिवशी त्यांच्या नवऱ्याने, काकांनी, दरवाजा तोडून त्यांना वाचवलं आणि आमच्याकडे आणलं. मला सकाळच्या पाळीला त्यांच्याजवळ बसायला सांगितलं.

सुरुवातीला त्या भिंतीकडे तोंड करून पडून असत. मी त्यांच्या पाठीशी बोलत असे. आज मेथी आहे, आज पंखा आवाज करतोय, आज वारा फिरलाय आणि डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास इथवर आलाय. त्या काहीच बोलत नसत. एकदा मी वेणीबद्दल विचारलं तेव्हा भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "किती बडबड करतेस गं. वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती." मला इतका आनंद झाला की मी खरोखर खुर्चीवरून उभी राहिले. त्यांचे पाठमोरे खांदे जरासे हलले. हसल्या की काय ते कळलं नाही.

मग त्या बोलू लागल्या, आणि बोलल्या त्या देवाबद्दल. काका रोज भेटीच्या वेळेला डबा घेऊन येत. सडपातळ, गुडघ्यातून लंगडत चालणारे, कायम इस्त्रीच्या शर्टातले. काकूंनी त्यांना सांगितलं की मारुतीला रुईच्या पानांची माळ बोलले होते, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, ती राहिलीय. काका त्याच शनिवारी घालून आले. मग गणपतीचा नारळ, भाच्याला नोकरी लागावी म्हणून बोललेला. मग धाकट्या नणंदेच्या बाळंतपणाच्या वेळचा एक अभिषेक. कधीकाळी बोललेले आणि धावपळीत राहून गेलेले नवस काकू आठवून आठवून सांगत, आणि काका एकेक फेडून प्रसादाची पुडी घेऊन येत. काकू पुडी कपाळाला लावत. जेवू लागल्या, वेणी घालू लागल्या, समोरच्या बेडवरच्या बाईला पोळी कशी मऊ राहते ते सांगू लागल्या. काका मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाले, "सिस्टर, वर्षभर देवाचं नाव काढलं नव्हतं हिने. नेहा गेली तेव्हा देव्हारा फडक्याने झाकून टाकला होता. आता स्वत:हून आठवतेय. देवाने ऐकलं बघा."

मलाही बरं वाटलं. देवाशी माझं देणंघेणं नसलं तरी माणूस सावरताना दिसत होतं. आमच्या धोक्याच्या तपासणीत विचारायचे जे प्रश्न असतात, झोप कशी आहे, भूक कशी आहे, पुढचं काही ठरवता का, मनात मरणाचे विचार येतात का, त्या सगळ्यांना त्या नीट उत्तरं देत होत्या. वस्तू वाटून टाकताय का, निरोपाची भाषा बोलताय का, हेही आम्ही बघतो. काकूंकडे वाटायला काही नव्हतं. एक कंगवा आणि दोन गाऊन.

त्या दिवशी काका भेटीला आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. म्हणाले, "आज सगळ्यात मोठं काम झालं. नेहाचा नवस फेडला." नेहा अतिदक्षता विभागात होती तेव्हा काकू गावच्या सातेरी देवीला बोलल्या होत्या की लेक घरी आली तर हिरवी साडी नेसवीन, खणानारळाने ओटी भरीन. लेक घरी आली नाही. आता काकूंनीच आदल्या दिवशी हट्ट धरला होता की साडी नेसवा, लगेच. काकांनी गावी भावाला फोन केला आणि सकाळच्या पूजेला साडी नेसवली गेली. भावाने देवीचा फोटो पाठवला होता. काकूंनी तो फोन हातात धरून खूप वेळ बघितला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "झालं सगळं." राउंडला आलेल्या डॉक्टरांनीही तो शांत चेहरा पाहिला. वन-टू-वन बंद, आता इतरांसारखं साधं लक्ष ठेवा, असं ठरलं. दुसऱ्या मजल्यावर माणूस कमी होतं, इनचार्ज सिस्टरांना हायसं वाटलं. मी हरकत घेतली नाही. माझी पाळी संपली तेव्हा काकूंच्या बेडजवळ गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला. "जा गं पोरी. दमलीस. माझ्याकडे बघून बघून डोळे गेले असतील तुझे. आता बघू नको."

मी हसून निघाले.

रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. बसस्टॉपवर एक बाई उभ्या होत्या, माझ्या आईच्या वयाच्या, नऊवारी नव्हे, साधं सुती पातळ, हातात कापडी पिशवी. पिशवीतून नारळाची शेंडी आणि हिरव्या कापडाचं टोक बाहेर आलेलं. त्यांनी सरळ माझा दंड धरला. "बाय गे, हंय देवीचा देऊळ खंय असा? माका रिक्शेवाल्यान चुकीच्या जाग्यार सोडल्यान." मी म्हटलं, मावशी, ऊन उतरू दे की, मग जा. त्या म्हणाल्या, "उद्या माझा आपरेशन असा गे. पोटाचा. परत येतलंय काय नाय, कोणाक म्हायत. जाताना नवस अंगार ठेवन जाव नये."

एवढंच बोलल्या त्या. घाम पुसला आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिल्या.

ते वाक्य मी कानाने ऐकलं की कशाने, मला सांगता येणार नाही. जाताना अंगावर ठेवून जाऊ नये. माझ्या डोळ्यांपुढे एकापाठोपाठ एक ती रुईची माळ, तो नारळ, तो अभिषेक आला आणि सगळ्याच्या शेवटी ती हिरवी साडी. जो नवस पुरा झालाच नाही तो फेडायचा नसतो, हे देव न मानणाऱ्या माझ्यासारखीलाही ठाऊक आहे. आपलं मागणं ज्या देवीने धुडकावलं तिच्याशी माणूस भांडतं, अबोला धरतं, देव्हारा झाकतं. काकूंनी तेच तर केलं होतं. ज्याला अजून इथे राहायचं आहे तोच भांडतो. आणि जो निघालाय तो देणं नसलेलंही देऊन मोकळा होतो. काकूंकडे वाटायला वस्तू नव्हत्या. त्यांनी नवस वाटून टाकले होते. आम्ही सगळे, त्यांचा नवरा, त्यांचे डॉक्टर आणि त्यांच्यावरून नजर न काढणारी मी, प्रसाद खाऊन हात पुसत होतो.

मी त्या बाईंना देवळाचा रस्ता सांगितला नाही. तशीच उलटी धावत सुटले.

वॉर्डात शिरले तर इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "काय गं, छत्री विसरलीस?" मी विचारलं, काकू कुठे आहेत? "असतील बेडवर. आत्ता तर होत्या." बेडवर नव्हत्या. गाऊनची घडी उशीवर नीट ठेवली होती, त्यावर कंगवा. मी ओरडले तशा सिस्टर खुर्ची पाडून उठल्या. माझ्याआधी त्या धावल्या, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

काकू आम्हाला कुठे सापडल्या आणि त्या काय करणार होत्या, ते मी लिहिणार नाही. ते वाचून कुणाचं भलं होत नाही. एवढंच सांगते की आम्ही वेळेवर पोचलो, आणि वेळेवर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला वळल्या. मी काकूंना दोन्ही हातांनी धरून जमिनीवर बसले. त्यांचं शरीर थंड पडलं होतं आणि त्या रागाने मला ढकलत होत्या. "कशाला आलीस? तुझी पाळी संपली ना? सगळं नीट करून निघाले होते मी. कुणाचं काही ठेवलं नाही."

अशा वेळी काय बोलायचं याचं आम्हाला शिक्षण आहे. शांत आवाज, छोटी वाक्यं, वाद घालायचा नाही. मी वाद घातला. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, नेहाचा नवस तुम्ही फेडलात कसा? देवीने तिचं काम केलंय का? नाही ना केलं? मग साडी कसली? परत घ्या ती साडी. तुमचं देणं नाहीच. देणं देवीचं आहे. तिच्याकडून जाब घेतल्याशिवाय तुम्ही निघालातच कशा?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या आतून एक आवाज आला. मी पुष्कळ रडणं ऐकलंय, तसलं नाही ऐकलं. लेक गेल्याला वर्ष झालं होतं आणि काका नंतर म्हणाले, ती रडली नव्हती, एकदाही नाही. त्या जमिनीवर, माझ्या मांडीत डोकं घालून, त्या रडल्या, आणि रडता रडता त्यांची भाषा बदलली. शाळेतली शुद्ध मराठी गळून पडली. त्या गाऱ्हाणं घालू लागल्या. देवळात घालतात तसंच, त्याच चढत्या सुरात, फक्त मागणं नव्हतं त्यात.

"गे माय सातेरी, माझा एकुलता एक चेडू तुझ्या पदरात घातलंय. तू राखलंस नाय."

त्या थांबल्या. गाऱ्हाण्यात तिथे थांबतात. समोरच्याने म्हणायचं असतं. त्या थांबूनच राहिल्या, श्वास अडकल्यासारख्या, आणि मला कळलं की मी म्हटलं नाही तर पुढचं वाक्य येणार नाही. दरवाजात सिस्टर उभ्या होत्या, डॉक्टर जिन्यात होते, आणि आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द मी म्हटला.

"व्हय म्हाराजा."

"तुझी साडी मी देवचंय नाय."

"व्हय म्हाराजा." हे सिस्टर म्हणाल्या. त्या विदर्भातल्या. त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

"जोपर्यंत तू माका जाब देणंस नाय, तोपर्यंत मी खंय जावचंय नाय."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघी म्हणालो. काकूंनी डोळे मिटले. त्यांचं ओझं माझ्या मांडीवर हळूहळू जड झालं, झोपलेल्या मुलासारखं.

याला चमत्कार म्हणा असं मी म्हणणार नाही. देवीने लेक परत दिली नाही. काकूंचा आजारही त्या दिवशी गेला नाही. औषधं बदलली, उपचार लांबले, मी पुन्हा हाताच्या अंतरावर खुर्ची टाकली. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. आपल्या प्रश्नांत त्यांनी एक प्रश्न वाढवला: देवाचं काही राहिलंय, ते पूर्ण करावंसं वाटतं का? आता हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात, उत्तर ऐकताना चेहरा बघतात. आणि वॉर्डात माणसं कमी आहेत हे मी आजही दर बैठकीत बोलते. कृपा झाली म्हणून मागणी सोडायची, असं मला कुणी शिकवलेलं नाही, आणि कृपेचीही तशी अपेक्षा असेल असं वाटत नाही. रोज उन्हात एक बाई बसस्टॉपवर उभी राहणार नाही.

त्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी शोधलं. देऊळ मागच्याच गल्लीत होतं. पुजाऱ्याला विचारलं, कुणी मालवणी बाई हिरवी ओटी घेऊन आल्या होत्या का? तो म्हणाला, रोज कितीजणी येतात. घरी बाबांना सांगितलं. मला वाटलं, ते योगायोग म्हणतील आणि आमचं भांडण होईल. बाबा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तिचं ऑपरेशन कसं झालं असेल गं?" त्या रात्री आईने देवापुढे दिवा लावला तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. मला मागता येत नाही अजून. पण त्या बाईंसाठी मागितलं. पोटाचं ऑपरेशन आहे, नाव माहीत नाही, एवढंच म्हटलं.

मी आजवर शरण जाणं म्हणजे हरणं असं समजत होते. आमच्या पत्रकांत तो शब्द शिवीसारखा येई. त्या तरुणाच्या जाण्यानंतर मी स्वत:ला जे छळत होते, त्याच्या मुळाशीही हेच होतं की मी नीट बघितलं असतं तर तो राहिला असता, म्हणजे सगळं माझ्याच डोळ्यांवर होतं. आता तसं वाटत नाही. मी बघायचं, जीव लावून बघायचं, आणि तरीही जे दिसणार नाही ते दुसरं कुणीतरी माझ्या दंडाला धरून दाखवेल अशी जागा मनात मोकळी ठेवायची. कधी दाखवलं जाईल, कधी नाही. तो तरुण गेला तेव्हा मला कुणी हाक मारली नाही. का नाही, याचा जाब मलाही हवा आहे, आणि तो मी मागतच राहणार आहे. पण मागायला कुणीतरी समोर आहे, हे आता मी मानते.

काकू घरी गेल्या. काही महिने बरे गेले. गणपतीत काकांनी मोदक पाठवले. मग गेल्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, वॉर्डाच्या दाराची घंटा वाजली. मी उघडलं. काकू एकट्याच होत्या, हातात पिशवी, पिशवीत दोन गाऊन. चेहरा पुन्हा तसाच, राखेसारखा. काकांना त्यांनी सांगितलं होतं आणि ते मागून गुडघा सांभाळत जिना चढत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आले गं," त्या म्हणाल्या. "परत तसंच वाटायला लागलंय. घरी कुणाला झेपणार नाही, मलाही नाही. खुर्ची आण आणि बघ माझ्याकडे."

मी खुर्ची आणली.